ओढ्यापलीकडची मतं

१२ जून

सायप्रस ओढ्यावरच्या पुलाच्या तोंडाशी काउंटीने अडसर उभा केला आहे. त्याला आज कुणीतरी हॅगुडचा फलक ठोकलेला दिसला. लाल अक्षरं: डेल हॅगुड, सुपरवायझर, बीट चार. खाली बारीक अक्षरांत: बोलत नाही, करून दाखवतो.

मी तो उपटून गाडीत टाकला. मग लक्षात आलं की गाडीच्या दारावर आमच्या कंपनीचं नाव आहे आणि कंपनीचं निम्मं काम काउंटीकडून येतं. उतरले आणि फलक होता त्याच भोकांत परत ठोकला. दोन ठोके जास्तच मारले. राग होता, बाकी काही नाही.

नोंद स्वच्छ असावी म्हणून लिहिते. फेब्रुवारीत या पुलाची तपासणी मी केली. मधल्या रांगेतल्या लाकडी खांबांत टोचा घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. पूल त्याच दिवशी माझ्या सहीने बंद झाला. एप्रिलमध्ये एझेल गेन्स यांच्या घराला आग लागली. बंब हायवेवरून वळसा घालून ओढ्यापलीकडे, आमच्या बेथसैदा वस्तीत पोचला तेव्हा छप्पर खाली आलं होतं आणि मिस्टर गेन्स आत होते. अहवाल बरोबर होता. भरलेला बंब त्या खांबांवर गेला असता तर माणसांसकट ओढ्यात गेला असता. हे मी कुणालाही आकडेमोड करून दाखवू शकते. अजून कुणी विचारलेलं नाही.

नव्या पुलाचे पैसे राज्याकडून आले आहेत. आमच्या बीटला, म्हणजे काउंटीच्या या भागाला, एकच पूल मिळणार. कुठला, ते बीटचे रस्ते-पूल बघणारा नवा सुपरवायझर ठरवणार. हॅगुडच्या खडीच्या खाणी आहेत आणि खाणीच्या रस्त्यावरचा पूल त्याला रुंद करून हवा आहे. शनिवारच्या सभेत तो म्हणाला, "सायप्रस ओढ्यापलीकडे राहतंच कोण?"

लोक हसले म्हणे. ओढ्यापलीकडे आम्ही राहतो.

१९ जून

गुलामगिरीतून सुटकेचा दिवस म्हणून चर्चच्या मैदानात जेवण होतं. दोन मोठ्या कढयांत कॅटफिश तळत होते, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव, दात शिवशिवतील इतका गोड चहा. मी पास्टर टॉलिव्हर यांना कढयांपासून लांब नेलं आणि माझा विचार सांगितला.

विचार साधा आहे. आमच्या काउंटीत नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच. ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी जो जिंकतो तोच सुपरवायझर होतो, कारण समोर कुणी उभंच राहत नाही. बेथसैदाची काळी माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट मतपत्रिका मागतात, जिच्यावर बीट चारच्या रकान्यात एकही नाव नसतं. कायद्याने कुठलाही मतदार कुठलीही मतपत्रिका मागू शकतो. तिकडे तिघं उभे आहेत: हॅगुड, लोवेल पिट्स आणि घरं विकणाऱ्या जॉइस लेडबेटर. हॅगुड सगळ्यांच्या पुढे आहे. पण निम्म्यांहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. आम्ही सगळ्यांनी रिपब्लिकन मतपत्रिका घेऊन पिट्सला मत दिलं तर हॅगुड अडतो. पिट्सच्या पत्रकावर पहिलीच ओळ आहे: बंद पूल आधी.

पास्टर बराच वेळ माशाचा काटा काढत राहिले.

"केंड्रिया, हे तू हिशेब म्हणून सांगतेस. लोक हिशेब म्हणून ऐकणार नाहीत."

"मग काय म्हणून ऐकतील?"

"ते तुझ्या आत्याला विचार," ते म्हणाले.

२५ जून

प्रार्थनेनंतर सभा झाली. पाटीवर मी तीन चौकोन काढले आणि कुठल्या चौकोनातली मतं कुठे गेली तर काय होतं ते दाखवलं. कुणीही झोपलं नाही.

मागून चर्चचे कारभारी डीकन मोझली म्हणाले, "ह्या पोरीनं आधी पूल बंद केला. आता पक्ष बंद करायला निघाली."

हशा झाला. मी थांबले आणि पुढे बोलू लागले.

"अगं, मी ती मतपत्रिका हातात घेतली तर आमची बायको कबरीतून उठून येईल," ते पुन्हा म्हणाले.

"आली तर बरंच आहे, डीकन. तिचंही एक मत धरते."

या वेळी हशा माझ्या बाजूने झाला. मग व्हर्नेल आत्या उठली. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून उभ्या राहणाऱ्या बायकांची ती प्रमुख आहे. ती उठली की आपोआप शांतता होते.

"लोवेल पिट्स," ती म्हणाली. "शाळा मंडळावर होता तो. आपली शाळा बंद करायला हात वर करणारा. सव्वीस वर्षं मी त्या शाळेत पोरांना जेवू घातलं. शेवटच्या दिवशी मी त्याला विचारलं, का? तर म्हणाला, व्हर्नेल, आकडे जुळत नाहीत."

"आत्या, प्रश्न पिट्स चांगला की वाईट हा नाही. प्रश्न हॅगुडला अडवायचा आहे."

"आणि तिथे टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत, तोंडाने म्हणायचं? मी रिपब्लिकन?"

"तू रिपब्लिकन आहेस असं म्हणायचं नाही. फक्त कुठली मतपत्रिका हवी ते सांगायचं."

"माझ्या आईला त्या टेबलापर्यंत पोचायला काय काय सोसावं लागलं, माहितीय तुला?"

"माहितीय. आणि तेव्हा टेबलामागे बसून तिला हाकलणारे डेमोक्रॅटच होते."

हे शंभर टक्के खरं आहे. इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. आत्या पर्स उचलून बाहेर गेली. तिच्या बरोबरच्या बायका पण गेल्या.

बाकीच्यांनी होकार दिला. घरी येऊन आत्याने ताट आपटून जेवण वाढलं. खरी माहिती ऐकून माणसं रागावतात, याला मी काय करू?

८ जुलै

पुलावर नेहमीची पाहणी. पलीकडच्या काठावर पिट्सची गाडी उभी होती. मी अडसर ओलांडून कडेच्या तुळईवरून चालत तिकडे गेले. उंच, वाकलेला, निवृत्त शेतकी शिक्षक. टोपी काढली.

"मिस रेफर्ड ना? खांब फारच गेलेत का हो?"

"फारच."

"मी हा पूल बांधणार. छापून दिलंय."

"वाचलं. बेथसैदात या ना एकदा. लोकांना हेच सांगा."

त्याने पाठीमागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "तुमच्या लोकांचा मी आदर करतो. पण माझे मतदार... तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्याल."

मी समजून घेतलं. उघडपणे आमच्याकडे आला तर त्याची स्वतःची मतं हॅगुडकडे जातील. युक्तिवादात चूक नाही. गाडीत बसल्यावर दार दोनदा आपटलं, इतका संताप आला होता.

८ ऑगस्ट

मतदान. आमचं केंद्र अग्निशमन दलाच्या शेडमध्ये असतं. टेबलामागे मिस ग्लेन्डा, गोऱ्यांच्या शाळेतल्या जुन्या बाई, गावातल्या प्रत्येकाला नावाने ओळखतात.

"कोणता पक्ष, बाळ?"

मी "रिपब्लिकन" म्हटलं. एक शब्द आहे. त्याला वजन नसतं. मिस ग्लेन्डांच्या भुवया वर गेल्या, पण मतपत्रिका दिली.

आत्या आणि तिच्या बायका सकाळीच चर्चच्या व्हॅनमधून जाऊन आल्या होत्या.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं."

"पिट्स?"

"झालं म्हटलं ना. पाव भाजायला ठेवलाय, करपेल."

मी अधिक विचारलं नाही. बरं वाटलं.

९ ऑगस्ट

हॅगुड सेहेचाळीस टक्के, पिट्स एकतीस, उरलेली लेडबेटर यांना. दुसरी फेरी होणार, एकोणतीस तारखेला. बेथसैदाची मतं नसती तर हॅगुड पहिल्याच फेरीत सुटला असता. मी तीनदा मांडून पाहिलं.

ऑफिसात साहेब कॉफी ओतता ओतता म्हणाले, "चर्चची माणसं यंदा फार उत्साहात होती म्हणे."

"असं का?" मी म्हणाले.

१३ ऑगस्ट

एक अडचण होती, ती आज सोडवली. पहिल्या फेरीत ज्याने डेमोक्रॅट मतपत्रिका घेतली, त्याला रिपब्लिकन दुसऱ्या फेरीत मत देता येत नाही. ज्यांनी आठ तारखेला मतच दिलं नाही त्यांना येतं. आमच्याकडे काहींनी डेमोक्रॅट बाजूला मत दिलं असेल, अशी मला शंका होती, कारण आमच्या चर्चमधला ऑर्लँडो कॉन्स्टेबलच्या पदासाठी (इथे तेही निवडणुकीने भरतात) त्या मतपत्रिकेवर होता. बिनविरोध. तरी आपल्या पोराचं नाव छापून आलंय आणि त्याला एकही मत पडू नये, हे आमच्या माणसांना बघवत नाही.

म्हणून प्रार्थना संपताच मी पुढे गेले, नियम नीट समजावला आणि म्हणाले, "आठ तारखेला ज्यांनी ज्यांनी डेमोक्रॅट मतपत्रिका घेतली, त्यांनी हात वर करा."

एकच हात वर आला. मिस्टर टब्ज यांचा. त्यांना ऐकू येत नाही, त्यांना वाटलं कुणाला पाणी हवंय ते विचारतेय.

आत्या मधल्या वाटेच्या कडेला उभी होती. हातमोज्यांत हात, हात पाठीमागे. तिच्या बायका ओळीने तिच्याकडे पाहत होत्या.

म्हणजे सगळं ठीक आहे. माझी अपेक्षा याहून वाईट होती.

२९ ऑगस्ट

दुसरी फेरी. व्हॅन मी चालवली. पहिल्या खेपेला आत्याला पुढे बसवलं, म्हटलं तू आधी गेलीस की बाकीच्या येतील. ती खिडकीबाहेर बघत होती.

"बरं वाटत नाही का?"

"उकडतंय."

शेडबाहेर मी व्हॅन उभी केली. ती उतरली, स्कर्ट झटकला, दारापर्यंत गेली, थांबली. मी हॉर्न वाजवला नाही, पण वाजवावासा वाटला. मग ती आत गेली, आणि तिच्या मागे बाकीच्या.

३० ऑगस्ट

पिट्स जिंकला. नऊ मतांनी.

दुपारी ओढ्यावर गेले आणि नव्या खांबांच्या जागा डोळ्यांनी आखून आले. आत्याला सांगितलं तेव्हा ती कोलार्डची पानं धूत होती. "बरं झालं," म्हणाली, आणि तीच पानं परत धुवायला घेतली.

२ सप्टेंबर

हॅगुडने तक्रार केली. त्याची माणसं कोर्टात बसून दोन्ही पक्षांच्या मतदार वह्या एकमेकींशी ताडून पाहताहेत. कोणाकोणाचं नाव दोन्हीकडे आहे ते शोधताहेत.

शोधू देत. मी विचारलं होतं, मिस्टर टब्ज सोडले तर एकही हात वर आला नव्हता.

४ सप्टेंबर

आत्याने आज स्वतः सांगितलं. मी जेवत होते. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली; मी जेवताना ती अशी कधी बसत नाही.

"माझं नाव सापडेल त्यांना."

"कुठे?"

"दोन्हीकडे."

मी काटा खाली ठेवला.

"त्या दिवशी मी ठरवून गेले होते, केन. तू म्हणालीस तसंच करायचं म्हणून. ग्लेन्डानं वर पाहिलं आणि म्हणाली, ये व्हर्नेल, तुझी नेहमीचीच ना? आणि हात पुढे केला सुद्धा मतपत्रिकेसकट. ओळीत मागे सगळ्या बायका. मी म्हटलं, हो, नेहमीचीच. ऑर्लँडोच्या नावावर खूण केली आणि आले. माझं बघून सगळ्यांनी तेच केलं."

"आणि मला सांगितलंस की झालं."

"झालंच होतं."

"मी चर्चमध्ये विचारलं! सरळ विचारलं! हात वर करायला काय लागत होतं?"

"सगळ्यांसमोर? माझ्या बायकांसमोर? आणि तुला तोंडघशी पाडून?"

"मग दुसऱ्या फेरीला गेलीस कशाला? मी नियम सांगितला होता ना? कळला नव्हता?"

"कळला होता." ती टेबलक्लॉथवरची घडी सरळ करत होती. "तू मला पुढे बसवलंस. तुझं तोंड बघितलं मी. एझेल गेल्यापासून पहिल्यांदा तू माणसासारखी दिसत होतीस."

मिस्टर गेन्स यांचा इथे काय संबंध, ते मला कळलं नाही. मी खूप ओरडले. म्हटलं, तुझ्यामुळे सगळं गेलं. म्हटलं, एक शब्द म्हणायचा होता, एक. ती ऐकत राहिली. मग तिने माझं ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं आणि झोपायला गेली.

अशी चौदा नावं आहेत. नऊ मतांच्या फरकापुढे चौदा नावं. कुणालाही कळेल याचं काय होणार.

१४ सप्टेंबर

कोर्टाच्या इमारतीत रिपब्लिकन पक्षाच्या काउंटी समितीपुढे सुनावणी. चौदा जणींना बोलावलं होतं. बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या, रविवारच्या टोप्या घालून आलेल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले. माझ्या पलीकडे दोन खुर्च्या सोडून साहेब. काउंटीचं इंजिनियरपद आमच्या कंपनीतर्फे तेच सांभाळतात, त्या नात्याने आले होते.

हॅगुडचा वकील तरुण आहे, केस चापून बसवलेले. एकेकीला तो विचारत होता आणि एकेक जण मान खाली घालत होती. शेवटी आत्याची पाळी.

"आठ ऑगस्टला तुम्ही डेमोक्रॅट मतपत्रिका घेतलीत?"

"घेतली."

"आणि एकोणतीसला रिपब्लिकन?"

"घेतली."

"हे बेकायदा आहे, माहीत होतं?"

"होतं."

खोलीत कुजबुज झाली. बाकी तेराही जणी म्हणाल्या होत्या, माहीत नव्हतं.

"कुणाच्या सांगण्यावरून घेतलीत?"

"मला सांगणारं माणूस अजून जन्माला यायचंय."

मागे कुणीतरी हसलं. वकिलाच्या कानशिलांवर लाली चढली.

"चर्चमध्ये एक सभा झाली होती म्हणतात. पाटीवर आकृत्या काढून दाखवल्या. कोणी काढल्या?"

आत्याने त्याच्याकडेच पाहिलं. इकडे तिकडे नाही.

"चर्चमध्ये पाटीवर येशूचं चित्र असतं. तेवढंच बघते मी."

मी माझ्या जागेवर होते. साहेब समोर बघत होते, मीही. मला उठून बोलता आलं असतं. त्याचा निकालावर परिणाम शून्य झाला असता, कारण प्रश्न नियमाचा होता, सभेचा नव्हता. हे मी तेव्हाच मनात मांडून पाहिलं.

मग पिट्सला बोलावलं. त्याने शपथ घेतली, टोपी मांडीवर ठेवली.

"या मतदारांशी तुमचा काही संबंध?"

"नाही, सर. मी त्या भागात प्रचाराला गेलोच नाही."

"मदत मागितली होती?"

"छे. या लोकांना मी बोलावलं नव्हतं. ते आपल्या पक्षाचे नाहीत, मलाही ठाऊक आहे. माझ्यासाठी त्यांनी असं करायला नको होतं." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "यात माझाही अपमानच झाला आहे."

आत्या त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिने टोपीची पिन काढून परत नीट लावली.

निकाल: दुसरी फेरी रद्द. सव्वीस तारखेला पुन्हा मतदान. त्या चौदा जणींना मत नाही.

येताना गाडी मी चालवत होते. हायवेच्या वळणावर माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या माणसाला मी मत देणार नाही. मेले तरी देणार नाही. हॅगुड परवडला. निदान तोंडावर तरी बोलतो."

"मग पुलाचं काय?"

मी गाडीचा वेग वाढवला.

"जीभ जड होते ना?" आत्या म्हणाली. आवाजात चीड नव्हती. "आता कळलं तुला, तू माझ्याकडे काय मागितलं होतंस."

ही तुलना बरोबर नाही. माझं कारण पिट्स आज जे बोलला ते आहे. तिचं कारण जुनं होतं. दोन्ही प्रसंग वेगळे आहेत. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो गं, वेगळेच आहेत," आणि खिडकीची काच खाली केली.

१७ सप्टेंबर

आज आत्या चर्चच्या दारात उभी राहिली नाही. नाव कोर्टात आलेल्या बाईने हातमोजे घालून देवाच्या दारात उभं राहू नये, असं तिने स्वतःच ठरवलं. मागच्या बाकावर बसली. तिच्या बायका दारातून सारख्या मागे वळून बघत होत्या.

प्रार्थना झाल्यावर मी सभा घेणार नव्हते. कुठल्या तोंडाने घेणार? आत्याच उठली.

"सव्वीस तारखेला मला मत देता येणार नाही. पण व्हॅन चालवता येते. ज्यांना न्यायचंय त्यांनी अंगणात उभं राहायचं. मी हॉर्न वाजवणार नाही, उतरून दार ठोठावीन."

डीकन मोझली म्हणाले, "व्हर्नेल, त्या पिट्सनं तुझ्या तोंडावर..."

"त्याला मी ओळखते, डीकन. शाळेपासून ओळखते. तो काय म्हणेल ते मला आधीच माहीत होतं. तुम्हालाच नवीन आहे."

"मग तरी त्यालाच?"

"हॅगुडला नाही. बस. आणि पूल झाला की त्यावरून मी आधी जाणार. कुणी पुढे घुसायचं नाही."

२६ सप्टेंबर

ऑफिसातून थेट शेडला गेले. रांग दारापासून रस्त्यापर्यंत आली होती. बेथसैदातली अशी माणसं होती जी ऑगस्टमध्ये दोन्ही वेळा फिरकली नव्हती: गिरणीतल्या रात्रपाळीवरून डोळे चोळत आलेले, लेकराला कडेवर घेऊन आलेल्या, हाताचं तेल फडक्याला पुसत आलेला एक जण. ही माणसं माझ्या हिशेबात नव्हती. ती का आली, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. व्हॅन तिसरी की चौथी खेप करत होती.

आज मिस ग्लेन्डांच्या शेजारी हॅगुडचा माणूस बसला होता, तोच चापून बसवलेल्या केसांचा वकील. आमच्यातल्या प्रत्येकाला थांबवून तो एकच प्रश्न विचारत होता: या पक्षाचा जो उमेदवार निवडून येईल, त्याला नोव्हेंबरमध्ये पाठिंबा देण्याचा तुमचा इरादा आहे का? गोऱ्यांना विचारत नव्हता. काही जण त्याच्याशी भांडले, दोघं निघून गेले. बाकीच्यांनी हो म्हटलं आणि आत गेले. मिस ग्लेन्डा पेन घट्ट धरून खाली बघत होत्या.

माझ्यापुढे चार जण असताना साहेब शेडमध्ये आले. त्यांचं मतदान इथेच असतं हे मला ठाऊक होतं. ते माझ्या मागे तिसरे उभे राहिले.

"नाव?" वकील म्हणाला.

"केंड्रिया रेफर्ड."

त्याने वर पाहिलं. "पुलाच्या इंजिनियर ना तुम्ही?"

"हो."

"विजयी उमेदवाराला नोव्हेंबरमध्ये पाठिंबा देण्याचा तुमचा इरादा आहे?"

मला हो म्हणून पुढे जाता आलं असतं. सगळे तसंच करत होते. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मिस ग्लेन्डा हळूच म्हणाल्या, "बाळ, नुसतं हो म्हण."

"लोवेल पिट्सला माझं मत आहे," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आज आणि नोव्हेंबरमध्ये. माणूस मला आवडत नाही. तो आम्हाला नाकारतो, तरी त्यालाच. कारण डेल हॅगुडला ओढ्यापलीकडे माणसं दिसत नाहीत. आणि त्या चर्चमध्ये पाटीवर आकृत्या मी काढल्या होत्या. लिहून घ्या, माझं नाव नीट लिहा."

वकिलाने लिहून घेतलं. मिस ग्लेन्डांनी मतपत्रिका पुढे केली.

बाहेर आले तेव्हा आत्या व्हॅनमधून एका म्हाताऱ्याला उतरवत होती. "एवढा वेळ लागला?" म्हणाली. "रांग होती," मी म्हणाले.

२७ सप्टेंबर

पिट्स एकाहत्तर मतांनी विजयी.

सकाळी साहेबांनी बोलावलं. तुझ्या कामाबद्दल काहीही तक्रार नाही, म्हणाले, पण पुढचे काही महिने तू उत्तरेकडच्या काउंटीचं काम बघ. इथल्या फाइली दुसऱ्याकडे दे. मी फाइली दिल्या. सायप्रस ओढ्याच्या फाइलीची एक प्रत आधीच काढून ठेवली होती, ती दिली नाही.

दुपारी आत्या आणि मी जेवत असताना पिट्सचा फोन आला. माझा नंबर कुणी दिला, विचारलं नाही. आत्याला ऐकू जावं म्हणून मी आवाज मोठा केला.

"मिस रेफर्ड, मला तुमचे आभार मानायचे होते. आणि तुमच्या लोकांचे. माझा निरोप त्यांना सांगाल ना?"

"नाही."

"म्हणजे?"

"निरोप नको, मिस्टर पिट्स. तुम्ही स्वतः या. रविवारी चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. पूल कधी सुरू करणार ती तारीख घेऊन."

"हे बघा, लगेच येणं बरं दिसणार नाही. वातावरण जरा निवळू दे. कुणाला कळलं तर उगाच..."

आत्याने जेवणाचा हात पुसला आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"लोवेल, व्हर्नेल बोलतेय. आकडे जुळले का आता?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"अकरा वाजता प्रार्थना असते. पहिल्या बाकावर जागा ठेवते तुझ्यासाठी, सगळ्यांना दिसशील अशी. आणि घरून जरा लवकर नीघ. पूल बंद आहे, तुला हायवेवरून वळसा घालून यावं लागेल."